मुलगा मला 'मावशी' म्हणतो आणि माझ्या आईला 'आई': ओडिशातून आलेल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी

इंद्रायणीकाठ (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. आम्ही दोघे अमेरिकी नागरिक असून ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक आहोत. 'कारा' या भारत सरकारच्या दत्तकविषयक संस्थेमार्फत आंतरदेशीय दत्तक प्रक्रिया पूर्ण करून मे महिन्याच्या अखेरीस आम्ही ओडिशातील एका संस्थेतून पाच वर्षांच्या मुलाला घरी आणले. भुवनेश्वरहून दिल्ली, तेथे व्हिसासाठी काही दिवस आणि मग नेवार्क, असा त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा प्रवास झाला. आता ऑगस्ट सुरू आहे. राज्याच्या कौटुंबिक रजा विम्यातून मिळालेली माझी १२ आठवड्यांची रजा संपत आली आहे आणि सप्टेंबरमध्ये त्याला किंडरगार्टनमध्ये घालावे की नाही, हे ठरवायचे आहे.

मदतीसाठी माझी आई सांगलीहून आली आहे. आमचे नातेवाईक म्हणतात की मूल आपल्याच देशातले, रंगरूपही आपल्यासारखेच, मग अडचण कसली? मला मात्र रोज असे वाटते की तो एका परक्या देशात आला आहे आणि आमचे मराठी घर हा त्याच्यासाठी त्यातला आणखी एक परका देश आहे. आम्ही ओडियाची काही वाक्ये पाठ करून गेलो होतो, परंतु तो बोलू लागला की ती पुरत नाहीत.

तो माझ्या आईला पहिल्याच आठवड्यापासून 'आई' म्हणू लागला. मला 'मावशी' म्हणतो, आणि दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईलाही तेच म्हणून तिचा हात धरतो. जेवताना ताटातल्या भातावर पेलाभर पाणी ओततो, त्यामुळे आईला वाईट वाटते की अन्नाची नासाडी होते आहे. पोळीला तो तोंड लावत नाही, पण तीच पोळी रात्री त्याच्या उशीच्या अभ्र्यात सापडते. मधूनच पोट दाबून 'भोको, भोको' म्हणतो. आईची इच्छा आहे की गणेशोत्सवात मंडळाच्या सर्व कुटुंबांना बोलावून त्याचे रीतसर बारसे करावे आणि नवे नाव ठेवावे.

मी त्याची आई कधी होणार, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हेही ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे.

पारिजातक (पुणे)

तुमचे लिहिणे वाचून राहवले नाही, कारण माझे लग्नानंतरचे आयुष्य राऊरकेल्याच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत गेले आणि माझी मुले शेजारच्या ओडिया मुलांबरोबर वाढली.

ओडियात 'आई' म्हणजे आईची आई, आणि 'अजा' म्हणजे आईचे वडील. तुमच्या घरात एक वयस्कर बाई आली, तुम्ही तिला दिवसभर 'आई, आई' अशी हाक मारता, आणि ती बाई त्याच्या भाषेतल्या 'आई'सारखीच दिसते व वागते. मग त्याने तिला दुसरे काय म्हणावे? त्याने तुमचे स्थान तुमच्या आईंना दिलेले नाही. त्याने त्यांना आजी म्हणून ओळखले आहे, आणि तेही अगदी बरोबर. 'माउसी' म्हणजे मात्र आपली मावशीच. संस्थेत जी स्त्री जेवू घालते, आंघोळ घालते, अंगावर पांघरूण घालते तिला मुले त्याच नावाने हाक मारतात. त्याला ठाऊक असलेल्या मायेच्या माणसाचे ते नाव आहे. आईला ओडियात 'मा' किंवा 'बोऊ' म्हणतात. 'बोऊ' हा शब्द तुम्ही होऊन त्याला शिकवू नका, कारण तो कदाचित त्याच्या मनात कोणाचा तरी असेल. स्वतःला मराठीतच काही वेगळे, 'मम्मा' किंवा 'आऊ' असे, म्हणवून घेऊन पाहा.

भातावर पाणी ओतणे म्हणजे पखाळ. शिजवलेला भात पाण्यात भिजवून, बहुधा रात्रभर ठेवून, त्यात दही घालून, सोबत भाजी, तळण किंवा बडीचा (डाळीच्या सांडग्यांचा) चुरा घेऊन उन्हाळाभर ओडिशात घरोघरी खातात. आपल्याकडे शेतावर जाणारी माणसे शिळ्या भातात ताक कालवून खात, त्याच्याच जवळचा हा प्रकार आहे. तुमच्या आईंना हे सांगितले तर मला खात्री आहे की त्याच त्याला भात भिजवून देतील. 'भोको' म्हणजे भूक. आपल्या 'भोक' या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही.

त्याच्यासाठी डालमा करून पाहा. तूरडाळ किंवा मूगडाळीत कच्ची पपई, कच्चे केळे, लाल भोपळा, वांगे घालून शिजवायचे, पाच बियांची (जिरे, मोहरी, मेथी, बडीशेप, कलौंजी) फोडणी द्यायची आणि वरून भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची पूड. गोडा मसाला मात्र घालू नका. आपल्याला तो वास घराचा वाटतो, त्याला तो कोठल्याच घराचा वाटणार नाही. आमच्या शेजारची मुले कुरमुऱ्यांना 'मुढी' म्हणत आणि ते समोर आले की दुसरे काही मागत नसत.

सह्याद्री_टेक्सास

आमची मुलगी साडेचार वर्षांची असताना मराठवाड्यातील एका संस्थेतून आली; आज ती अकरा वर्षांची आहे. ती मराठी बोलत होती, म्हणून आम्हाला वाटले की अर्धे काम झाले. प्रत्यक्षात उशीखाली बिस्किटे आमच्याकडेही सापडत होती, तेव्हा भाषा येत असली तरी भूक लपवण्याची सवय वेगळ्या ठिकाणाहून येते.

पोळी उशीत सापडली तर ती त्याच्यादेखत काढून घेऊ नका आणि त्यावर बोलूही नका. आम्ही एक टोपली तिच्या हाताला लागेल अशी ठेवली. त्यात केळी, कुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की असे, आणि ती कधीही रिकामी होऊ दिली नाही. शिवाय दर अडीच-तीन तासांनी, मागण्याआधीच, काहीतरी खायला दिले. टोपली भरलेलीच असते हे तिला पटायला जवळजवळ पाच महिने लागले. त्यानंतर उशीखाली काही मिळाले नाही. या काळात ती पोट दुखेपर्यंत जेवत असे, आणि ते पाहणे मला फार जड गेले.

अनोळखी बाईचा हात धरणे हा गोड स्वभाव आहे असे सगळे म्हणतील. तो तसा नसण्याची शक्यता अधिक आहे. ज्या मुलाची सांभाळणारी माणसे पाळीप्रमाणे बदलत आली, त्याच्या दृष्टीने कोणतीही बाई पुढची मावशी असू शकते. म्हणून आम्ही सहा महिने एक नियम पाळला: भरवणे, आंघोळ, झोपवणे आणि लागले-खुपले तर उचलून घेणे हे फक्त आम्हा दोघांनी करायचे. आजी-आजोबांनी स्वयंपाक करावा, गोष्टी सांगाव्यात, बागेत न्यावे. घास मात्र आईबापाच्या हातचा. माझ्या आईला याचे दुःख झाले, आणि तिला नीट समजावून सांगायला मी उशीर केला, याची मला आजही खंत आहे. तुम्ही तुमच्या आईंशी आधी बोला.

मंडळातल्या सर्व कुटुंबांचा कार्यक्रम यंदा करू नका. तिसऱ्याच महिन्यात आमच्या घरी चाळीस माणसे आली, ती निघताना मुलगी आपले बूट घालून दारात उभी राहिली. आता आपल्याला यांच्यातल्या कोणाबरोबर तरी जायचे आहे, अशी तिची समजूत झाली होती.

शाळेविषयी: न्यू जर्सीत शाळा सहाव्या वर्षापासून सक्तीची आहे, तेव्हा घाई करण्याची गरज नाही. तुमच्या पतींनी रजा घेतली नसेल तर आता त्यांची पाळी आहे. पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या कंपनीत, नोकरीला पुरेसा काळ झाला असेल तर, दत्तक मूल घरी आल्यापासून वर्षभराच्या आत १२ आठवड्यांची बिनपगारी रजा संघराज्याच्या कायद्याने मिळते.

ओंजळ (नाशिक)

दत्तक संस्थेत सामाजिक कार्यकर्ती म्हणून मी बरीच वर्षे काम केले, त्या अनुभवावरून भाषेचा आणि नावाचा मुद्दा लिहिते.

या वयात भाषा किती लवकर जाते याची पालकांना कल्पना नसते. तीन ते आठ वर्षे वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या आणि पुढे कोरियनशी संबंध न राहिलेल्या काही प्रौढांचा अभ्यास झाला होता. त्यांना कोरियन वाक्ये इतर फ्रेंच माणसांइतकीच अनोळखी वाटली. तुमच्या मुलाची ओडियाही काही महिन्यांत मागे पडू लागेल. म्हणून आजच त्याची गाणी, मोजणी, झोपताना तो जे पुटपुटतो ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. घरात मराठी बोला, कारण तुमची माया त्याच भाषेत सहज उतरते आणि ओडियाशी तिचे नातेही आहे. इंग्रजी त्याला शाळेत मिळेलच. अमेरिकेत ओडिया लोकांची 'ओडिशा सोसायटी ऑफ द अमेरिकाज' ही जुनी संस्था आहे, तिच्यामार्फत जवळचे एखादे कुटुंब शोधा. मात्र पहिल्या भेटीत त्या कुटुंबाला तुमच्या घरी बोलवा, मुलाला त्यांच्या घरी नेऊ नका.

नाव बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाव, माणसे, अंथरूण, जेवण, भाषा हे सर्व सुटल्यावर त्याच्याजवळ स्वतःचे म्हणून तेवढेच उरले आहे. आजींना फार वाटत असेल तर घरचे लाडके नाव त्याच्या नावापुढे जोडा.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी जो प्रगती अहवाल 'कारा'कडे जातो, त्यात सर्व छान चालले आहे एवढेच लिहिण्याचा पालकांचा कल असतो. कृपया उशीतली पोळी आणि 'मावशी' हे दोन्ही तुमच्या समाजसेविकेला सांगा. मदत त्यानंतरच सुरू होते.

इंद्रायणीकाठ (एडिसन, न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. मी पारिजातक यांचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. 'आई' म्हणजे आजी, हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग उठून तिने रात्रीचा भात पाण्यात भिजत घातला. दुसऱ्या दिवशी दह्यासह तो भात मी त्याला भरवला आणि आई समोर बसून राहिली. त्याने दोनदा मागून घेतला.

बारसे रद्द केले आहे. यंदा गणपतीला आम्ही चौघेच असू. पतींनी सप्टेंबरपासून रजेचा अर्ज दिला आहे आणि किंडरगार्टन पुढच्या वर्षावर टाकले आहे. टोपली भरून ठेवली आहे. काल रात्री उशीत पोळीऐवजी केळे होते, ते मी तसेच राहू दिले. तो मला अजून 'मावशी'च म्हणतो, आणि आता मी त्याला 'ओ' देते.