क्रिएटिनिन वाढलं म्हणजे रिजेक्शनच असं नाही

एका ताईंनी विचारलंय की किडनी प्रत्यारोपण झालेल्या १६ वर्षांच्या भाच्याचं क्रिएटिनिन (किडनी कशी काम करते ते सांगणारी रक्तातली पातळी) चढलंय, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारलीच (रिजेक्शन) ना? तसंच असेल असं नाही. बीके विषाणूही हेच करतो. बहुतेकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, मग मूत्रमार्गात गुपचूप पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या की डोकं वर काढतो. बहुधा ताप नाही, दुखणं नाही. (नाव पडलं १९७१ साली, एका प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून.)

गोची अशी की उपाय उलटे आहेत. रिजेक्शनला स्टिरॉइड वाढवतात. बीकेला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करतात, कारण त्याच्यावर खात्रीचं औषधच नाही. म्हणून रक्ताची बीके पीसीआर (रक्तात हा विषाणू आहे का ते बघणारी चाचणी) आणि लागली तर बायोप्सी (किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं), हे डॉक्टरांना विचाराच. गोळ्या स्वतःहून मात्र कमी करू नका!

मुलांच्या बाबतीत सीएमव्ही आणि ईबीव्ही हे आणखी दोन विषाणूही बघावे लागतात. काही मुलांना ते आधी कधी झालेले नसतात, किडनी देणाऱ्या आईला बहुधा होऊन गेलेले असतात, आणि किडनीबरोबर तेही येतात. सीएमव्हीसाठी काही महिने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात. महाग पडतं, पण मध्येच सोडू नये. ईबीव्हीमुळे क्वचित लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) होतो, त्यामुळे मानेत किंवा काखेत गाठ लागली तर पुढच्या तपासणीची वाट न बघता दाखवा.