म्हातारे तरुणांचं खातात म्हणे. मग हिशोब पूर्ण मांडा ना

सरळरेघ
परवाच्या पोस्टवर तिथेच उत्तर देणार होतो, फार लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं की श्रीमंत देशांत म्हातारे लोक तरुणांच्या कमाईवर बसून खातायत, जपान आणि फ्रान्स त्यापायीच बुडणार, आणि उपाय एकच, चिलीसारखं ज्याचं त्याचं पेन्शनचं खातं, ज्याने त्याने आपलं बघावं. खाली वाहवा करणारे पण भरपूर.

माझं डोकं फिरलं कारण त्यात फक्त सरकारी खिसा मोजलाय. जो कमवत नाही त्याला पोसायचे मार्ग तीन आहेत, सरकार, घरचे लोक आणि स्वतःची जमा. रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन या दोन अर्थतज्ज्ञांनी देशोदेशीच्या अभ्यासकांना घेऊन हे तिन्ही वयाप्रमाणे मांडायची पद्धत बसवली, नॅशनल ट्रान्सफर अकाउंट्स, २०१३ ला संयुक्त राष्ट्रांनी त्याचं मॅन्युअलसुद्धा काढलं. त्यात काय दिसतं? पेन्शन आणि औषधपाण्याचा सरकारी पैसा कमावत्यांकडून वर, म्हाताऱ्यांकडे जातो हे खरं, पण घरातला पैसा बऱ्याच देशांत उलटा खाली वाहतो. अमेरिकेत पासष्टीपुढचे लोक पोरांकडून घेतात त्याहून जास्त पोरानातवंडांना देतात. हे पोस्टमध्ये कुठंय?

आणि सरकारने हात आखडला की काय होतं ते दक्षिण कोरियात बघा. तिथे राष्ट्रीय पेन्शन १९८८ ला सुरू झाली, तेव्हा जे पन्नाशी-साठीत होते त्यांना हप्ते भरायला वर्षंच उरली नव्हती. त्यांनी सगळी कमाई पोरांच्या शिक्षणात घातली होती, म्हातारपणी पोरं बघतील या भरवशावर. पोरं शहरात गेली, घरं लहान झाली, आणि कोरियात म्हाताऱ्यांमधली गरिबी ४० टक्क्यांच्या आसपास गेली, श्रीमंत देशांत सगळ्यात जास्त. ज्याने त्याने आपलं बघावं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

राहिलं चिली. १९८१ ला लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत सुरू झालं, पगारातले १० टक्के सक्तीने खाजगी फंडात, मालकाचा हिस्सा काही नाही. लष्कराने मात्र स्वतःला त्यातून बाहेर ठेवलं! शेवटी २००८ ला सरकारलाच करातून गरीब म्हाताऱ्यांची पेन्शन आणावी लागली.

अक्षांश
पूर्ण हिशोबच हवा ना, मग माझा घ्या. मी इंग्लंडमध्ये भाड्याने राहतो. इथे ट्रिपल लॉक आहे, म्हणजे महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यातलं जे जास्त असेल तेवढी पेन्शन दरवर्षी वाढणार. २०२३ च्या एप्रिलला १०.१ टक्के वाढली. त्या वर्षी माझा पगार त्याच्या निम्म्यानेसुद्धा वाढला नाही. पेन्शनच्या वयापुढचा माणूस नोकरी करत असेल तर त्याला नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता, भरावा लागत नाही, मी भरतो. २०१२ पासून युनिव्हर्सिटीची फी वर्षाला ९ हजार पौंडांपर्यंत गेली, त्या कर्जापोटी ठरावीक पगाराच्या वरच्या प्रत्येक पौंडातले ९ टक्के माझे कापले जातात, आणि हे ठरवणाऱ्या पिढीने स्वतः फी न भरता डिग्र्या घेतल्यात.

घरातला पैसा खाली वाहतो म्हणता, कोणाच्या घरातला? माझ्या ऑफिसात ज्यांच्या आईवडिलांचं घर आहे त्यांना स्वतःचं घर घ्यायला डिपॉझिट मिळालं. माझ्या आईवडिलांकडे द्यायला काही नाही, उलट दर महिन्याला मीच पाठवतो. म्हणजे मी वर दोनदा देतो, एकदा करातून अनोळखी म्हाताऱ्यांना आणि एकदा माझ्या घरच्यांना. तुमच्या सरासरीत मी कुठे बसतो ते सांगा.

तिसरीघंटा
तुम्ही दोघंही पैशाचंच बोलताय. माझ्या बहिणीने आईला पक्षाघात झाल्यावर नोकरी सोडली. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात, सकाळी नळीतून भरवायचं, मध्येच घशात अडकलं तर सक्शन लावायचं. आई गेल्यावर ती परत कामाला लागली, तोवर वय वाढलेलं, पगार अर्धा. तिच्या पेन्शनच्या उताऱ्यात त्या सगळ्या वर्षांपुढे शून्य आहे. भावाची वर्षं भरलेली आहेत, आई त्याचीही होती.

हे तुमच्या त्या अकाउंट्समध्ये कुठल्या रकान्यात येतं? सरकारी नाही, जमा नाही, कुटुंबातही नाही कारण पैसे दिले गेलेच नाहीत. कोरियाची उदाहरणं देता तेव्हा त्या घरांमधल्या सुना काय करत होत्या तेही लिहा.

सरळरेघ
वेळेचा हिशोब मांडणारी जोडपद्धत नंतर आली आहे, त्यात स्वयंपाक, मुलं, आजारपण हे सगळं वयाप्रमाणे आणि बाईपुरुषाप्रमाणे मोजतात. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, मूळ आकड्यांत ते नसतं.

जपानने २००० साली यासाठीच केअर इन्शुरन्स आणला, म्हणजे म्हातारपणी सांभाळायला लागणाऱ्या मदतीचा सरकारी विमा. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. त्यात घरच्यांना रोख रक्कम द्यायची नाही, सेवाच द्यायची, असं ठरलं, आणि रोख नको म्हणून बायकांच्या संघटनाच भांडल्या होत्या. कारण साधं, पैसे हातात ठेवले की सुनेला सांगणार, आता तुला पैसे मिळतात, बस घरी.

कोरडापाऊस
विषय केअर इन्शुरन्सवर आलाच आहे तर जर्मनीचं ऐका. इथे तो १९९५ पासून आहे. मला मूल नाही. म्हणून माझा हप्ता जास्त! कोर्टाने २००१ ला सांगितलं की मुलं वाढवणारे उद्याचे हप्ते भरणारेच घडवतात, तेव्हा दोघांना एकच दर लावणं अन्याय आहे, आणि २००५ पासून बिनमुलांच्यांना जादा दर सुरू झाला. २०२३ ला तो आणखी वाढवला, आणि दुसऱ्या मुलापासून पुढे आईबापांना सूट दिली. आता मूल असलेल्याचा दर ३.६ टक्के असेल तर माझा ४.२, आणि मालक त्या जादाचा एक पैसा भरत नाही.

मला मूल का नाही हे कोणी विचारत नाही. उपचार करून थकलो आम्ही. दर महिन्याच्या पगारपत्रकावर त्याची वेगळी वसुली दिसते. माझ्या करातून इतरांच्या मुलांच्या शाळा चालतात त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण हा दंड कशाचा?

मोकळाश्वास
दंड नाही, हिशोब आहे. तीन मुलं वाढवली मी. त्यांच्यापायी बढत्या सोडल्या, घर मोठं घ्यावं लागलं, सुट्ट्या गेल्या. उद्या तुमची पेन्शन आणि तुमची नर्स माझीच पोरं असणार. ०.६ टक्क्यांत तुम्हाला ते स्वस्तच पडतंय.

कोरडापाऊस
तुमची पोरं शिकतात त्या शाळेत माझा पैसा आहे, त्यांचा दवाखान्याचा विमा तुमच्या हप्त्यात फुकट आहे, त्याचा भार मी उचलतो, चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांमागे मिळणारा सरकारी भत्ता, माझ्या करातून येतं, आईच्या पेन्शनमध्ये प्रत्येक मुलामागे तीन वर्षं सरकार धरतं. आणि वर मलाच स्वस्त पडतंय सांगता? थोडं सांभाळून बोला. तुम्ही माझ्या घरी आलेला नाहीत.

अक्षांश
दोघंही थांबा जरा. तुम्ही कमावते लोक एकमेकांशी भांडताय आणि जिथे खरा पैसा आहे तिथे कोणी हात लावत नाही. इथे २०२४ ला सरकारने थंडीचं इंधन अनुदान फक्त गरीब म्हाताऱ्यांपुरतं ठेवलं. केवढा गहजब झाला, पुढच्याच वर्षी बराचसा निर्णय फिरवला. तरुणांची फी वाढते तेव्हा असं कधी फिरतं का? म्हातारे मत देतात, आम्ही देत नाही, हे आमचंही चुकतं, पण म्हणून हा व्यवहार न्याय्य ठरत नाही.

तिसरीघंटा
मोकळाश्वास, तुमच्या मुलांसाठी नोकरी सोडलेली वर्षं तरी जर्मनीत मोजली जातात. आजारी माणसासाठी सोडलेली मोजतात का कुठे?

कोरडापाऊस
जर्मनीत मोजतात, हे इतक्या कडवटपणे लिहिल्यावर मला सांगावं लागतंय. घरी सांभाळणारा माणूस आठवड्याला निदान दहा तास देत असेल, ते निदान दोन दिवसांत विभागलेले असतील, आणि स्वतः आठवड्याला तीस तासांवर नोकरी करत नसेल, तर केअर इन्शुरन्स त्याच्या नावे पेन्शनचा हप्ता भरतो. सासूबाईंसाठी माझ्या बायकोचा भरला गेला. म्हणजे ज्या विम्यात मी जादा देतो त्याच विम्यातून. पण तरी तो जादा दर मला पटलेला नाही.

सरळरेघ
अक्षांश, ट्रिपल लॉकवर मी तुमच्याशी भांडणार नाही. तिन्हीतलं जे जास्त ते कायम देत गेलं तर पेन्शन पगाराच्या पुढे पळतच राहणार, ते टिकणारं नाही. पण ते कुलूप काढायला ज्याचं त्याचं खातं कशाला हवं? स्वीडनमध्येही हप्ता पगारावरच आहे, १८.५ टक्के. त्यातला मोठा भाग आजच्या म्हाताऱ्यांनाच जातो, तुमच्या नावे फक्त नोंद होते, आणि व्यवस्थेची देणी तिच्या मालमत्तेहून जास्त झाली तर वाढ आपोआप कमी होते. २०१० ला तिथे चालू पेन्शन कापली गेली. म्हाताऱ्यांनीही झळ सोसली, कोणाला वेगळा कायदा करावा लागला नाही. डेन्मार्कने निवृत्तीचं वय आयुर्मानाला जोडलंय, २०२५ ला त्यांच्या संसदेने २०४० पर्यंत ते ७० वर न्यायचं ठरवलं.

मोकळाश्वास
७० वर्षांपर्यंत छपरावर चढून कौलं बसवणारा माणूस दाखवा मला. आयुर्मान ऑफिसात बसणाऱ्यांचं जास्त वाढलंय, वय सगळ्यांचं सारखंच वाढवताय. माझे वडील गवंडी होते, साठीत गुडघे गेले, हप्ते मात्र लहानपणापासून भरलेले.

अक्षांश
हे मात्र मान्य करावं लागेल, नाइलाजाने. पण स्वीडनचं पटतंय. निदान तिथे दोन्ही बाजूंना सोसावं लागतं. चिलीच्या पोस्टवाल्याला मीही काल लाइक दिला होता, कोविडमध्ये तिथे तीनदा खात्यातून पैसे काढायची मुभा दिली आणि लाखोंची खाती रिकामी झाली ते वाचून काढून घेतला. पण त्याने आमच्या इथला ट्रिपल लॉकचा प्रश्न सुटत नाही.

तिसरीघंटा
कोरडापाऊस, तुमच्या बायकोची वर्षं भरली गेली हे वाचून बरं वाटलं, खरंच. बहीण राहते त्या देशात असा नियम नाही. सरळरेघ, पुढच्या वेळी देशांची तुलना टाकाल तेव्हा हा एक रकाना आधी घाला, सांभाळणाऱ्याची वर्षं धरतात की नाही. मग पेन्शनच्या टक्केवारीवर बोलू.