कोविड बरा होऊनही आरटी-पीसीआर परत पॉझिटिव्ह, सीटी ३३. अजून दुसऱ्याला होऊ शकतो का?

मुक्ता_ठाणे (मे २०२१)
सासूबाईंना एप्रिलच्या शेवटी कोविड झाला, घरीच होत्या, ताप लगेच गेला आणि आता तीनेक आठवडे होत आले, चालतात फिरतात, जेवण व्यवस्थित. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हट्टच धरला की निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा मगच खाली उतरा, म्हणून टेस्ट केली तर परत पॉझिटिव्ह, सीटी ३३. आधी २१ होता. त्यात व्हॉट्सॲपवर कोणीतरी सांगितलं सीटी वाढला म्हणजे आजार वाढला, त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्यात. जाणकारांनी सांगा प्लीज.

पिपेटवाला
उलटंच सांगितलंय त्यांना. मशीनला विषाणू दिसेपर्यंत किती सायकल लागल्या तो आकडा म्हणजे सीटी. स्वॅबमधल्या विषाणूच्या आरएनएचा (त्याच्या जनुकीय धाग्याचा) आधी डीएनए करतात, मग दर सायकलला तो साधारण दुप्पट होतो, म्हणजे मुळात माल कमी असेल तर सायकल जास्त लागणार. २१ चे ३३ म्हणजे १२ सायकल, २ चा बारावा घात ४०९६, ढोबळमानाने चार हजार पट कमी! आपल्याकडे ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरतात म्हणून रिपोर्टवर अजून तोच शब्द.

आणि ही टेस्ट विषाणू जिवंत आहे का ते बघतच नाही हो, त्याच्या जवळपास ३०,००० अक्षरांच्या जीनोममधले (म्हणजे अख्ख्या जनुकीय मजकुरातले) दोन-तीन छोटे तुकडे सापडतात का एवढंच बघते. मांडवात उष्ट्या पत्रावळ्या दिसल्या म्हणजे वऱ्हाड अजून बसलंय असं थोडंच असतं.

शंकासुर
मग जिवंत आहे का तेच का नाही तपासत? लॅबवाल्यांचा धंदा सगळा.

पिपेटवाला
@शंकासुर त्यासाठी स्वॅब जिवंत पेशींवर टाकून विषाणू वाढतो का ते काही दिवस बघत बसावं लागतं. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) मार्च २०२० मध्ये व्हेरो पेशींवर (माकडाच्या किडनीपासून बनवलेल्या) तो असाच वाढवून वेगळा काढला. बीएसएल-३ दर्जाची, म्हणजे घातक जंतूंसाठीची कडक सुरक्षेची लॅब लागते त्याला, नाक्यावरच्या कलेक्शन सेंटरचं काम नाही ते.

वॉर्डातली
पिपेटवाले, गणित बरोबर पण दोन रिपोर्टचे आकडे असे सरळ वजा करू नका. कीट वेगळं, लॅब वेगळी, स्वॅब नीट घेतला नाही तरी सीटी वर जातो. सीटीवरून आजार किती गंभीर ते ठरवू नका हे आयसीएमआरनेही (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) सांगितलंय.
मुक्ता, होम आयसोलेशनच्या एप्रिल २०२१ च्या सरकारी नियमात स्पष्ट लिहिलंय, लक्षणं सुरू झाल्यापासून किमान १० दिवस झाले आणि ३ दिवस ताप नाही तर आयसोलेशन संपलं, परत टेस्टची गरज नाही. ती पीडीएफच पाठव सेक्रेटरींना. फक्त त्यांची केमो, ट्रान्सप्लांट असं काही नाही ना? प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांत जिवंत विषाणू बराच जास्त काळ राहू शकतो, तसं असेल तर डॉक्टरांना विचारून मगच.

मुक्ता_ठाणे
नाही गं, फक्त बीपीची गोळी. पीडीएफ टाकली ग्रुपवर, सेक्रेटरी म्हणतात विषय कमिटीपुढे ठेवतो. मीटिंग रविवारी, झूमवर.