लाटा नसल्या तरी वारा आहेच
धरणात लाटा नसतात म्हणून विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून सरकणं) शिकायला ते समुद्रापेक्षा सोपं, असं म्हणतात; हे मत मला निम्मंच पटलं. लाटांचं खरं, पण वाऱ्याचं काय? पुण्याजवळच्या पवना धरणाच्या जलाशयाभोवती तुंग, तिकोना, लोहगड अशी डोंगरांची दाटी. पश्चिमेचा वारा तिथे अडखळत, झोताझोतानेच खाली उतरतो. शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १० नॉटचा (ताशी साधारण १८.५ किमीचा) वारा १४ वर गेला की ओढ जवळपास दुप्पट. नवखा माणूस तिथेच पाण्यात जातो. पाण्यावर गडद, खरखरीत पट्टा सरकत येताना दिसला की झोत आला समजा आणि मागच्या हाताने शीड थोडं सैल सोडा.

आणि मे महिन्यात पाणी उतरलेलं असताना काठाजवळ जपून. बोर्डाखालचा फिन (पाण्यात उभं राहणारं पातं) दगडाला अडला की बोर्ड जागीच थांबतो, आपण नाही.