उद्यानाच्या आरक्षणात फेरबदल : हरकत नोंदवण्यापूर्वी काय तयारी करावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या वसाहतीला लागून महानगरपालिकेचे सुमारे दीड एकराचे उद्यान आहे. शहराच्या मंजूर विकास योजनेत ही जागा उद्यानासाठी आरक्षित आहे आणि ती पालिकेच्या ताब्यात येऊन बराच काळ लोटला आहे. गेल्या आठवड्यात मागच्या फाटकावर, उद्यानाच्या वेळांच्या फलकाखाली, एक जाहीर सूचना चिकटवलेली आढळली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये या आरक्षणात फेरबदल करून तेथे 'उद्यान, भूमिगत वाहनतळ व अनुषंगिक वाणिज्य वापर' असा बदल प्रस्तावित असल्याचे तिच्यात म्हटले असून, सूचना व हरकतींसाठी एक महिन्याची मुदत दिली आहे. सूचनेवरील तारीख पाहता त्यातले काही दिवस आमच्या नकळतच सरले आहेत.

प्रभाग कार्यालयात चौकशी केली तेव्हा, नागरिकांशी चर्चा यापूर्वीच झाली आहे, असे उत्तर मिळाले. ही चर्चा म्हणजे काही महिन्यांपूर्वी निवडक गृहनिर्माण संस्थांच्या अध्यक्षांना बोलावून घेतलेली एक बैठक होती. तिथे पडद्यावर रंगीत चित्रे दाखवण्यात आली. मात्र नकाशा, वाहतूक सर्वेक्षण किंवा झाडांची यादी यांपैकी काहीही कोणाच्या हाती देण्यात आले नाही. बैठकीचे इतिवृत्त मागितले असता ते उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले.

आम्ही काही रहिवासी एकत्र आलो आहोत. हरकत कशी लिहावी म्हणजे ती केवळ नोंदवहीत न राहता विचारात घेतली जाईल? झालेली बैठक हीच सल्लामसलत, ही पालिकेची भूमिका मान्य करावी लागते का? आणि उरलेल्या दिवसांत सर्वात आधी कोणते काम हाती घ्यावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १ (नगररचना विभागातून निवृत्त)

सर्वप्रथम कागदपत्रे मिळवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्यासाठी कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत आणि तेवढ्यात तुमची मुदत संपून जाईल. अर्ज जरूर करा, परंतु त्यावर विसंबून राहू नका. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार महानगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेखांचे अवलोकन करता येते. येत्या सोमवारी दोघे-तिघे मिळून नगररचना विभागात जा आणि फेरबदलाची नस्ती (फाईल) पाहायला मागा. तिच्यात प्रस्तावाची टिप्पणी, महासभेचा ठराव, उद्यान विभागाचा अभिप्राय आणि विकास योजनेचा भाग नकाशा असायला हवा. यांपैकी एखादा कागद नसेल, तर त्याचा उल्लेख हरकतीत आवर्जून करा. उद्यान विभागाला न विचारताच उद्यानाचा वापर बदलला जात असेल, तर तो तुमचा फार मोठा मुद्दा ठरेल.

दुसरी गोष्ट अशी, की कलम ३७ हे विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही अशाच फेरबदलांसाठी आहे. हरकतीचा कणा तोच ठेवा. परिसरात दुसरे उद्यान किती अंतरावर आहे, तुमच्या नियोजन विभागाची लोकसंख्या किती, आरक्षित मोकळ्या जागांपैकी प्रत्यक्षात किती विकसित झाल्या, ही माहिती विकास योजनेच्या अहवालातच सापडते. केंद्र सरकारच्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. आपल्या विभागाचा आकडा काढून तो त्याशेजारी मांडलात, तर फेरबदल किरकोळ असल्याचा दावा पालिकेला करणे अवघड जाईल.

पालिकेने ठराव केला म्हणजे फेरबदल झाला, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. हरकतींवर सुनावणी घेऊन प्रस्ताव शासनाकडे पाठवावा लागतो आणि शासनाची मंजुरी मिळेपर्यंत ती जागा कायद्याच्या दृष्टीने उद्यानच असते. त्याआधी वाहनतळाच्या कामाची निविदा निघाली असेल, तर तिच्या जाहिरातीची प्रत हरकतीला जोडा. निर्णय आधीच झाला आहे आणि सुनावणी नंतर उरकली जात आहे, याचा त्याहून स्पष्ट पुरावा दुसरा मिळणार नाही.

प्रतिसाद २ (मुंबई)

आमच्या शहराच्या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांनी नकाशाची पाने एकेक करून प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहिली. अस्तित्वात असलेल्या वास्तू चुकीच्या दाखवलेल्या, मैदानांवर भलतेच वापर दर्शवलेले, अशा असंख्य चुका त्यातून बाहेर आल्या आणि हरकतींचा ओघ इतका वाढला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करण्याचे आदेश दिले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि आराखड्याला मंजुरी मिळायला २०१८ साल उजाडले. मोर्चे आणि सभा झाल्याच, त्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु त्या मसुद्याला खरा धक्का दिला तो भूखंडाचा क्रमांक, नकाशातील नोंद आणि जागेवरचे छायाचित्र एकत्र जोडून दिलेल्या हरकतींनी.

त्यानंतर २०१६ च्या जानेवारीत उद्याने आणि मैदाने खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण महापालिकेच्या सभागृहाने मंजूर केले. आधीच्या तशाच धोरणांमुळे काही मैदानांवर सभासदांपुरते क्लब कसे उभे राहिले, हे लोकांनी पाहिलेले होते. विरोध झाला, शासनाने धोरणाला स्थगिती दिली आणि आधी दिलेले भूखंड परत ताब्यात घेण्यास सांगितले. तरीही २०२३ मध्ये नवा मसुदा पुन्हा लोकांसमोर आलाच. म्हणून सांगतो, या वेळी प्रस्ताव मागे घेतला गेला तरी तुमचा गट मोडू नका आणि जमवलेली कागदपत्रे एका ठिकाणी नीट ठेवा.

हरकतीच्या मजकुराविषयी एक सूचना करतो. एकच छापील पत्र शेकडो सह्यांनिशी दिले, तर अहवालात ते सारे एका ओळीत निकाली निघते. प्रत्येक कुटुंबाने आपल्या शब्दांत, आपण उद्यान कसे वापरतो हे लिहावे. पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. आवक विभागाने शिक्का देण्यास नकार दिला, तर त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने प्रत पाठवावी आणि सुनावणीस समक्ष उपस्थित राहण्याची इच्छा असल्याचे पत्रातच नमूद करावे.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. वाहनतळाची गरज खोटी नाही. माझे दुकान अशाच एका उद्यानाजवळ आहे आणि संध्याकाळी तेथे दुतर्फा गाड्या लागल्याने रुग्णवाहिकाही अडकून पडते. केवळ 'नको' असे लिहिणाऱ्या हरकतीला पालिका सहज उत्तर देईल, की रहिवाशांना स्वतःच्या गाड्या रस्त्यावर उभ्या करायच्या आहेत आणि त्यासाठी जागा मात्र द्यायची नाही. तेव्हा गाड्यांचे काय, याचे उत्तर तुमच्या पत्रात असायलाच हवे. आजूबाजूच्या व्यापारी संकुलांच्या मंजूर नकाशांत वाहनतळ म्हणून दाखवलेल्या तळघरांत आज गोदामे किंवा दुकाने आहेत का, हे तपासा. मंजूर नकाशे मागवता येतात. पालिकेचे जवळचे वाहनतळ गर्दीच्या वेळी किती भरलेले असते, याची नोंद आठवडाभर ठेवा.

दुसरे असे, की उद्यान केवळ लगतच्या संस्थांचे नसते. आमच्याकडच्या उद्यानात दुपारी घरकाम करणाऱ्या बायका दोन घरांच्या मधल्या वेळेत डबा खातात, जवळच्या वस्तीतील मुले संध्याकाळी तिथेच खेळतात आणि बांधकामावरचे मजूर सावलीला टेकतात. या लोकांना ना बैठकीचे निमंत्रण मिळते, ना सूचना वाचायला मिळते. तुमच्या गटात ते नसतील, तर जो आक्षेप तुम्ही पालिकेवर घेत आहात तोच तुमच्यावरही घेता येईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोमवारी आम्ही तिघे नगररचना विभागात जाऊन नस्ती पाहून आलो. वाहतुकीचे सर्वेक्षण तिच्यात आहे, परंतु ते उद्यानाजवळच्या रस्त्याचे नसून दोन चौक पलीकडील बाजारपेठेचे आहे. उद्यान विभागाचा अभिप्राय नस्तीत नाही. झाडांच्या रकान्यात 'बाधित होणार नाहीत' एवढेच लिहिलेले आहे. प्रत्यक्षात आराखड्यातील उतरणीचा मार्ग जुन्या वर्षावृक्षांच्या अगदी बुंध्याजवळून जातो. आम्ही फूटपट्टी लावून नकाशावरील अंतर काढले आणि जागेवर जाऊन टेपने मोजून त्याची खात्री केली.

प्रतिसाद ३ मधील मुद्दा आम्हाला पूर्णपणे पटला. काल संध्याकाळी मागच्या वस्तीतील महिलांसोबत उद्यानातच बसून बोललो. त्यांचा पहिला प्रश्न वाहनतळाविषयी नव्हता. उद्यानातील स्वच्छतागृह कित्येक दिवसांपासून बंद आहे, त्यासाठी तुम्ही आजवर का बोलला नाहीत, असे त्यांनी विचारले. त्या मागणीचा समावेश आता हरकतीत केला आहे.

कायद्याबाबत एक शंका राहते. आम्ही जागेचे मालक नाही आणि आमची कोणतीही मिळकत प्रत्यक्ष बाधित होत नाही. मग आमच्या आक्षेपाला कायदेशीर आधार आहे का?

प्रतिसाद ४ (वकील)

आहे, आणि तो भक्कम आहे. कलम ३७ मध्येच हरकती व सूचना 'कोणत्याही व्यक्तीकडून' मागवायच्या आहेत. त्यासाठी मालकीची अट नाही. व्यक्तिशः नोटीस आणि सुनावणीची तरतूद बाधित व्यक्तींसाठी आहे, आणि उद्यान गमावणारा नित्याचा वापरकर्ता बाधित कसा नाही, हा युक्तिवाद आग्रहाने करायला हवा.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल मूलभूत मानला जातो. बंगळूरमधील राजमहाल विलास विस्तारात सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली होती. तेथील रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्या दाद मागण्याच्या अधिकारावरच आक्षेप घेण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. मोकळी जागा आणि मुलांची खेळण्याची जागा यांच्याशी परिसरातील रहिवाशांचा थेट संबंध असतो, हे मान्य करून जागेचे वाटप बेकायदा ठरवले. रुग्णालय हीदेखील लोकोपयोगी गोष्टच आहे. तरीसुद्धा उद्यानाच्या जागी ती आणता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले, हे विशेष लक्षात घ्यावे.

तुमच्या प्रकरणाशी अधिक जवळचा निकाल लखनौच्या झंडेवाला उद्यानाचा आहे. अमीनाबादमधील या उद्यानाखाली भूमिगत बाजार आणि वाहनतळ बांधण्याचे काम तेथील महापालिकेने निविदा न मागवता एका विकासकाला दिले होते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश कायम ठेवला. बरेचसे बांधकाम तोवर उभे राहिले होते. तेवढ्यावरून ते टिकवता येणार नाही, अशी ठाम भूमिका न्यायालयाने घेतली. महापालिका ही अशा जागांची विश्वस्त आहे आणि विश्वस्ताला वाटेल तसा व्यवहार करता येत नाही, हे तत्त्व तिथे पुन्हा मांडले गेले. तुमच्याकडे फेरबदलाची प्रक्रिया निदान सुरू तरी केलेली आहे, हा दोन प्रकरणांतील फरक प्रामाणिकपणे ध्यानात ठेवावा लागेल. त्यामुळे तुमचा भर प्रक्रियेच्या अभावापेक्षा प्रक्रियेतील उणिवांवर असावा. वाहतूक सर्वेक्षण दुसऱ्याच जागेचे असणे आणि उद्यान विभागाचा अभिप्राय नसणे या दोन बाबी त्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत.

झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. वृक्ष अधिकाऱ्याकडे आत्ताच लेखी अर्ज करून त्या वर्षावृक्षांच्या वयाची नोंद करून घेण्याची मागणी करा. फेरबदलाची सुनावणी आणि वृक्षतोडीची परवानगी या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. एका ठिकाणी दिलेली हरकत दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही.

प्रतिसाद १ (नगररचना विभागातून निवृत्त)

सल्लामसलतीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहिले होते. कलम ३७ ला अभिप्रेत असलेली सल्लामसलत म्हणजे सूचना, हरकती आणि सुनावणी. त्याआधी घेतलेली निमंत्रितांची बैठक तिची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा ती मान्य करण्याचा किंवा नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिचे इतिवृत्त नाही, हे मात्र हरकतीत लिहा. राज्याच्या महानगरपालिका कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूद झाली, ती नेमकी अशा विषयांवर मतदारांनी एकत्र बसून बोलावे म्हणूनच. बहुतेक शहरांत या सभा भरवल्या जात नाहीत, याचे मला सेवेत असतानाही वाईट वाटत असे. पत्राच्या शेवटी क्षेत्रसभा भरवण्याची मागणी तुम्ही करावी.

तुम्ही टेपने मोजलेले अंतर एका साध्या रेखाटनावर दाखवा, त्यावर तारीख आणि मोजणाऱ्यांच्या सह्या घ्या आणि ते परिशिष्ट म्हणून जोडा. सुनावणीच्या दिवशी बोलायला प्रत्येकाला दोन-चार मिनिटेच मिळतात. तेव्हा कोण कोणत्या मुद्द्यावर बोलणार हे आधी ठरवून ठेवा आणि स्वच्छतागृहाचा मुद्दा त्या महिलांपैकीच एकीला मांडू द्या.

प्रश्नकर्ता

तसेच करतो. हरकतींचा पहिला गठ्ठा आज दुपारी आवक विभागात दिला असून प्रत्येक प्रतीवर शिक्का घेतला आहे. वृक्ष अधिकाऱ्यांकडील अर्ज उद्या सकाळी देऊ आणि सुनावणीची तारीख कळताच येथे कळवू.