'रेकग्निशन'साठी मराठीत काय वापरावं? (गोंड वारशाचा फलक)

अनुवादिका_महाल: वारसाफेरीच्या फलकाचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणतेय. नागपूर शहर इथल्या 'इंडिजिनस' गोंड लोकांना 'रेकग्नाइज' करतं, असं मूळ वाक्य आहे. संपादकांनी 'मान्यता देते' केलं, ते मला खुपतं. मान्यता वरचा देतो, शाळेला नाहीतर संघटनेला. ज्यांच्या राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ मध्ये हे शहर वसवलं, त्यांना शहर मान्यता देणार? आणि 'मूलनिवासी' लिहू की 'आदिवासी'?

धंतोलीकर: 'मूलनिवासी' नको. आपल्याकडे तो बहुजन चळवळीचा शब्द आहे, त्यात दलित-ओबीसीही येतात. घटना समितीत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी 'आदिवासी'साठीच आग्रह धरला होता. कायद्यात मात्र 'अनुसूचित जमाती' आलं.

कोया_पोरगी: माझी आजी स्वतःला गोंड म्हणतच नव्हती, कोयतूर म्हणायची. गोंड हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव. फलकावर कोयतूर लिहा, तेही पहिल्यांदा.

जुनी_पोथी: वाचणाऱ्याला कळायला नको का ताई? रूढ शब्दच ठेवावा. माझा आक्षेप 'वसवलं'वर आहे. राष्ट्रकूटांच्या देवळी ताम्रपटात, इ.स. ९४० मध्ये, 'नागपूर-नंदिवर्धन' येतं. गाव आधीपासून होतं.

धंतोलीकर: नाव होतं म्हणून शहर होतं असं कसं? राजापूर बारसा म्हणत त्या बारा वस्त्या एकत्र करून शहर केलं ते बख्त बुलंदनंच. पुढे त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं तट बांधला, जुम्मा तलाव केला. आता तलावाला गांधीसागर म्हणतात, जुम्मा दरवाजाला गांधी गेट. आधी ती नावं फलकावर आणा, 'रेकग्निशन'चं मग पाहू.

नागनदी: नागपूर हे नाव नाग लोकांवरून आलं म्हणतात. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोक आणि नाग नदी दोन्ही सांगितले आहेत. मग 'मूलनिवासी'त ते का नकोत?

सीताबर्डी_८: शब्दाची किंमत आम्हा गोवाऱ्यांना विचारा. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असं जोडून आहे. तो एक समाज की दोन, यावर पिढ्या गेल्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावरच्या मोर्चात चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. २०१८ ला नागपूर खंडपीठानं आमच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. आम्हाला 'मान्यता'च पाहिजे, कागदावरची. तो शब्द हलका समजू नका.

अनुवादिका_महाल: दादा, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी फलकावर 'शहर गोंडांचे ऋण मान्य करते' चालेल का?

कोया_पोरगी: ऋण म्हटलं की फेडून मोकळं होता येतं. 'हे शहर कोयतुरांनी वसवलं' एवढंच लिहा, क्रियापद आमचं राहू द्या.

जुनी_पोथी: पुन्हा 'वसवलं'! ताम्रपटाचं काय?

सीताबर्डी_८: आणि त्या यादीत मधे स्वल्पविराम होता की नव्हता, ते कोणी भाषेच्या अंगानं सांगेल का?