मदत हवी आहे: भाचीच्या जनुकीय रिपोर्टमध्ये यूएसएच२ए, एका बदलापुढे 'अर्थ अनिश्चित'

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय.

भाची चौदा वर्षांची. तिसऱ्या वर्षापासून दोन्ही कानांना मशीन. मशीन काढलं की आजोबांचा घोगरा आवाज तिला कळतो, कुकरची शिट्टी कळत नाही. त्यामुळे डाळ तिच्यावर सोपवायची नाही, हा घरातला जुना विनोद. एवढं अंगवळणी पडलं होतं.

दिवाळीनंतर सराफ्यात गेलो होतो. ठेल्यांच्या उजेडात भुट्ट्याचा कीस खाताना पोरगी मजेत. मग गाडीकडे जायला अंधाऱ्या गल्लीत वळलो आणि तिने माझा शर्ट मुठीत धरला. "मामा, हळू चल ना." समोरची पायरी तिला दिसलीच नव्हती. घरी आल्यावर ताई म्हणाली, ताटाशेजारचं पाण्याचं भांडं तर ही रोज लवंडते. आम्ही धांदरट म्हणून ओरडत होतो तिला.

पहिल्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी थेंब घालून पडदा पाहिला, कडेला काळे ठिपके दिसले. ईआरजी (पडद्याची विद्युत चाचणी), फील्ड टेस्ट (नजरेच्या आवाक्याची चाचणी) झाली: रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा आजार. कानाचं ऐकल्यावर ते 'अशर सिंड्रोम' म्हणाले, म्हणजे कान आणि डोळे दोन्ही बिघडवणारा जनुकीय आजार, आणि एक्झोम तपासणीला (बहुतेक सगळ्या जनुकांची एकत्र तपासणी) रक्त पाठवलं.

परवा रिपोर्ट आला. यूएसएच२ए या जनुकात दोन बदल. एकापुढे 'पॅथोजेनिक', म्हणजे आजार घडवणारा, दुसऱ्यापुढे 'व्हीयूएस', म्हणजे अर्थ अनिश्चित. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची. तोवर भाऊजी म्हणतात एकच बदल पक्का, म्हणजे हा आजार नसेलही. आई रोज गाजरं किसतेय.

भाऊजींचं बरोबर आहे का? धाकटा भाचा आठ वर्षांचा, त्याला नीट ऐकू येतं. त्याचीही तपासणी आताच करून टाकावी का? आणि भाचीला मोठी झाल्यावर स्कूटी हवीये, तिला काय सांगू?

(ताई-भाऊजींचं लग्न नात्यातलं नाही. भाची अकराव्या महिन्यात चालली.)

प्रतिसाद १

मी वडोदऱ्यात जनुकीय समुपदेशनाचं काम करते. रिपोर्ट न पाहता निदान सांगणार नाही, पण थोडं उलगडते.

अकराव्या महिन्यात चालली हे लिहिलंत ते बरं केलंत. अशरच्या टाइप १ मध्ये तोलही बिघडलेला असतो, मुलं बहुधा दीड वर्षानंतर चालतात आणि जन्मतः जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. टाइप २ मध्ये तोल शाबूत, बारीक-उंच आवाज जास्त गेलेले (तुमची शिट्टी!) आणि रातांधळेपणा साधारण किशोरवयात. टाइप २ मध्ये सर्वांत जास्त वेळा सापडतं ते यूएसएच२ए. त्यातून बनणारं अशरिन हे प्रथिन कानातल्या केसपेशींनाही लागतं आणि पडद्यावरच्या प्रकाशपेशींनाही, म्हणून एक जनुक बिघडलं की दोन्हीकडे फटका.

आता भाऊजींचं. आजार होण्यासाठी जनुकाची आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत, दोन्ही बिघडलेल्या लागतात. तेव्हा पहिला प्रश्न हा, की हे दोन बदल वेगवेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच? ते आई-वडिलांच्या रक्तावरून कळतं. पूर्ण एक्झोम नको, फक्त त्या दोन जागा तपासायच्या, खर्च पुष्कळ कमी. एक आईत आणि दुसरा वडिलांत निघाला तर त्या 'अनिश्चित'चं वजन वाढतं. व्हीयूएस म्हणजे निर्दोष नव्हे, पुरावा अपुरा इतकंच.

भाच्याची नीट ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) आणि पडद्याची तपासणी करून घ्या. जनुकाची घाई नको. दोन्ही आई-वडील वाहक (एकच प्रत बिघडलेले) असतील तर तो निरोगी असूनही वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. वाहकाला स्वतःला त्रास नसतो, आणि तो निर्णय मोठा झाल्यावर त्याचा त्याने घ्यावा.

गाजराचा हलवा खुशाल खा. पण व्हिटॅमिन ए-च्या मोठ्या डोसच्या गोळ्या मनाने अजिबात देऊ नका, लिव्हरवर येतं.

प्रतिसाद २

आमच्या मुलालाही हेच, आता तेवीस. नेटवर 'जीन थेरपी' शोधून रात्री जागवू नका. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालेली आरपीई६५ या दुसऱ्याच जनुकासाठी आहे. जनुक पेशीत पोचवायला नेहमी वापरतात त्या विषाणूत डीएनएची साधारण ४,७०० अक्षरं मावतात, यूएसएच२ए-चा संदेश १५,००० च्या वर. टेम्पोत रेल्वेचा डबा कोंबायचा प्रकार. स्कूटीचं बोलणं मात्र लांबवू नका. आम्ही दोन वर्षं टाळलं, त्याने मित्राची चालवली आणि दुभाजकाला धडकला.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ताई-भाऊजी सोमवारी रक्त देतायत. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना काल पिवळी पट्टी चिकटवली, भाचीनेच रंग निवडला. स्कूटीचं बोललो. रडली, मग म्हणाली, "मग मला रात्री तू सोडायचंस. आणि धांदरट म्हणायचं नाही."